सात नंबरचं पातं

आमचं लोहाराचं दुकान तलासरीला हमरस्त्याला लागून होतं. कुडाच्या तीन भिंती, वर कौलं, मधे भट्टी, आणि चिंचेच्या ओंडक्यात बसवलेली ऐरण. वडील गेल्यावर दुकान थोरल्या भावाकडे आलं. मी त्याला दादा म्हणायचो. सांडशीत लोखंड धरून हातोडी चालवायचा तो, घण मारायचो मी, आणि भाता ओढायची वहिनी. आम्हा तिघांखेरीज दुकानात चौथं माणूस नव्हतं. दादा-वहिनीला मूल नव्हतं, माझं लग्न व्हायचं होतं.

कामं नेहमीचीच. पाड्यावरचे लोक कोयते, विळे, कुऱ्हाडी घेऊन येत. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धाव बसवायची असे. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या स्प्रिंगची एखादी कमान तुटली की ड्रायव्हर गुजरातीत शिव्या देत आमच्या दारात उभा राही. दादाच्या हाताला नाव होतं. त्याने पाणी दिलेला कोयता दुसऱ्या पावसाळ्यालाही धार धरून असायचा. पण नाव होतं ते कोयत्यापुरतं, आणि त्याला ते पुरत नव्हतं. कधी कधी कामाचा कोयता बाजूला ठेवून तो म्हणायचा, "हा तर मी झोपेतही करीन रे. यात मी कुठे आहे?" मला तेव्हा त्याचं बोलणं समजत नसे. मला वाटायचं, दमलाय.

पन्नासचं दशक संपत आलं असेल. डहाणूहून एक इराणी शेठ मोटार घेऊन आला. आगरच्या बाजूला, समुद्राकडे, त्याची चिकूची मोठी वाडी होती. मोटारीतून त्याने चादरीत गुंडाळलेल्या तीन काठ्या काढल्या आणि ऐरणीशेजारी ठेवल्या. लोखंडी नळीचे लांब दांडे, वरच्या टोकाला कातडी मूठ, आणि खाली एक वाकडं चकचकीत पातं. आम्ही असली वस्तू पाहिली नव्हती.

"ही गोल्फची काठी, मिस्त्री," शेठ म्हणाला. "बॉल मारायचा. ही सहा नंबर, ही आठ नंबर. आणि ही सात, ती मोडली."

सात नंबरची मान, म्हणजे पातं दांड्याला जोडलेलं असतं ती जागा, तुटली होती. कुणा पाहुण्याने ती खडकावर आपटली होती. मुंबईला कुणीतरी झाळून दिली, ती पुन्हा तुटली. परदेशातून माल आणायला तेव्हा परवाना लागायचा, आणि खेळाच्या काठीसाठी परवाना कोण देणार? कुणीतरी त्याला तलासरीच्या लोहाराचं नाव सांगितलं होतं.

दादाने सहा नंबर हातात घेतली, मग आठ. एकेक काठी बोटावर आडवी तोलून पाहिली. पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तुटलेलं पातं उचलून बराच वेळ त्याकडे पाहत राहिला.

"हे ओतलेलं नाही," तो मला म्हणाला. "ठोकून केलंय. कुणीतरी आपल्यासारख्यानेच."

त्याच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या देशात आपल्या जातीचा एक माणूस ऐरणीशी बसलाय आणि त्याने आपल्याला निरोप पाठवलाय, असं काहीसं.

पहिलं पातं आम्ही ट्रकच्या कमानपट्टीतून केलं. चांगलं पोलाद म्हणजे कमानपट्टी, हेच आम्हाला माहीत. दादाने लाकडात कोरून नमुना केला, सहा आणि आठ यांच्या मधला कल काढला, वजनही दोन्हींच्या मधलं घेतलं. आठ दिवस नुसती कानस चालली होती. शेवटी ते असं दिसू लागलं की वहिनीने पदराने पुसून त्यात तोंड पाहिलं.

आम्ही दोघं ते घेऊन शेठच्या वाडीवर गेलो. चिकूच्या झाडांपलीकडे त्याने गवताचा लांब पट्टा कापून ठेवला होता. त्याच्या टोकाला सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू. शेठने पातं दांड्यावर बसवलं आणि लगेच बॉल मारला नाही. आधी काठी बॉलच्या मागे टेकवली आणि वरून नुसतं पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"दिसते छान," तो म्हणाला. "वरची कड पातळ पाहिजे, ती हाय. नजरेत खुपत नाय."

मग त्याने मारला. बॉल गेला, पण त्याने काठी लगेच सोडली आणि हात झटकले.

"शुं थयुं, शेठ?" दादाने विचारलं. शेठ अडला की गुजरातीत जायचा, म्हणून दादाही जायचा.

"कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या."

"मला मारू द्या."

शेठ हसला, पण त्याने काठी दिली. दादा धोतर खोचून उभा राहिला. दोनदा नुसतं गवत उडालं. तिसऱ्यांदा बॉल लागला, आणि दादाने तोंड वाकडं केलं. मग शेठने त्याला विलायती सहा नंबर दिली. तिनेही दोनदा गवत उडालं. मग लागला. बॉल सरळ उठला, सुरूच्या शेंड्यांएवढा उंच गेला आणि वाळूकडे उतरला. दादा बॉलकडे पाहतच नव्हता. तो आपल्या हातांकडे पाहत होता.

"लागल्यासारखं वाटतच नाही," तो म्हणाला. "लोण्यातून सुरी जावी तसं."

"तेच," शेठ म्हणाला. "दिसणं एक, हाताला लागणं दुसरं, आणि बॉल कुठे जातो ते तिसरं. तीन गोष्टी. तुझी एक झाली."

परत येताना एसटीत दादा बाहेर पाहत होता. झरी गाव मागे पडल्यावर एकदम म्हणाला, "मऊ लोखंड पाहिजे. आपण कोयता करत होतो. हे कापायचं नाहीये."

दुसरं पातं त्याने एका जुन्या बैलगाडीच्या आसातून केलं. जुना आस म्हणजे दाट, मऊ लोखंड. घणाखाली पिठासारखं सरकतं. या वेळी त्याने कानस कमी चालवली आणि ठोकणंच जास्त केलं. मला म्हणायचा, "हळू. हळू. आता जोरात. बस." घणाच्या एकेका घावाचा तो हिशेब ठेवायचा. मान घडवायला तीन दिवस लागले. कोयत्याला जशी मूठ तशी याला मान, तो म्हणायचा. इथून सगळं हातात जातं.

शेठने ते बॉलमागे टेकवलं, पाहिलं, मारलं. दुसरा बॉल ठेवला, डोळे मिटून मारला. मग तिसरा. तिन्ही बॉल वाळूच्या अलीकडे एका घोंगडीवर मावतील एवढ्यात पडले होते. तो वळून दादाकडे आला आणि त्याने दादाचा काळा, भाजलेला उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मला आता सहा नंबर जड वाटणार."

दादाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. त्या दिवशी शेठने पातं पुन्हा मोडलं असतं, किंवा हरवलं असतं, किंवा त्याला ते आवडलंच नसतं, तर किती बरं झालं असतं, असं मी नंतर अनेकदा मनात म्हटलं आहे.

शेठने ती काठी मुंबईला नेली. तिथल्या खेळणाऱ्यांनी ती हाताळली, मारून पाहिली. आणि शेठ परतला तो अख्ख्या संचाची मागणी घेऊन. तीनपासून नऊपर्यंत सगळी पाती, एका मित्रासाठी. मित्राची स्पर्धा होती, त्याआधी हवी होती. दिवस थोडे होते. मी म्हटलं, "दादा, नाही होणार." तो म्हणाला, "होईल. कोयते थांबव."

आम्ही कोयते थांबवले. पाड्यावरचे लोक येऊन परत गेले, काही रागावून गेले. भाताच्या कापणीचे दिवस होते, विळे त्यांना तेव्हाच लागत. दादाला ते दिसत नव्हतं. तो सकाळी उठला की आधी तयार पाती ओळीने मांडायचा, खाली बसून त्यांच्या कडा एका नजरेत पाहायचा, आणि एखादं उचलून पुन्हा भट्टीत टाकायचा. चांगलं झालेलं. वहिनी माझ्याकडे पाहायची, मी तिच्याकडे.

पात्याच्या मानेत दांडा बसवायला भोक लागतं. ते आम्ही लोखंड लाल असताना सुंब्याने पाडायचो. सुंबा म्हणजे जाड पोलादी खिळाच. दादा तो उभा धरायचा, मी वरून घण मारायचो. घाव खाऊन खाऊन सुंब्याचं डोकं पसरतं, त्याच्या कडा बाहेर वळतात आणि तडकतात. अशा कडा वेळच्या वेळी घासून टाकायच्या असतात. वडिलांनी आम्हाला पहिली शिकवण तीच दिली होती. दादा दर आठवड्याला सगळे सुंबे आणि छिन्न्या घासायचा. त्या महिन्यात त्याने ते केलं नव्हतं.

आणि मी ते पाहिलं होतं. सकाळी सुंबा त्याच्या हातात देताना मी पाहिलं होतं की त्याच्या कडेला एक तडा गेलाय. मनात आलं, सांगावं. मग आलं, तो म्हणेल वेळ कुठे आहे. मी घण उचलला.

पाच नंबरच्या पात्याचं भोक होतं. चौथा की पाचवा घाव. टणत्कार वेगळा आला, आणि दादाने सुंबा सोडून डोळ्यावर हात धरला. ओरडला नाही. "काहीतरी गेलं," एवढंच म्हणाला. वहिनीने भाता सोडला आणि धावली. त्याच्या बोटांमधून रक्त फार नाही, थोडंसंच आलं. लोखंडाची तांदळाच्या कणीएवढी कपची उजव्या डोळ्यात शिरली होती.

एका ट्रकवाल्याने आम्हाला डहाणूला नेलं. तिथून शेठ स्वतः मोटारीने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. त्याने कशात कसूर केली नाही. त्याच्यावर राग धरायला जागा असती तर मला सोपं गेलं असतं.

तिथल्या डॉक्टरांनी कपची काढली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हा डोळा काढून टाकायला हवा. लवकर. ठेवला तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो." मी दादाला सांगितलं. त्याने पट्टीवर हात ठेवला.

"अजून उजेड दिसतो," तो म्हणाला. "खिडकी कुठे आहे ते मला कळतं. उजेड दिसणारा डोळा काढू?"

"डॉक्टर म्हणतात..."

"तू काय म्हणतोस?"

मला म्हणायला हवं होतं, काढ. पण मीच घण मारला होता. मीच आता म्हणू की डोळाही काढून टाक? मी म्हणालो, "तुझी मर्जी." वहिनी कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही.

आम्ही त्याला डोळ्यासकट घरी आणलं.

तीन महिने बरे गेले. एका डोळ्याने त्याने पुन्हा हातोडी धरली. पण एका डोळ्याला अंतर कळत नाही. हातोडी कधी लोखंडाच्या अलीकडे पडायची, कधी ऐरणीच्या कडेवर. तो हसायचा. "सवय होईल," म्हणायचा. मग डावा डोळा लाल होऊ लागला. उन्हाकडे पाहवेना. एका सकाळी त्याने मला विचारलं, "आज धुकं पडलंय का रे?" बाहेर लख्ख ऊन होतं. वहिनी चूल फुंकत होती, तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

पुन्हा मुंबई, पुन्हा डॉक्टर, औषधं, इंजेक्शनं. जखमी उजवा डोळाही तेव्हा काढला. आता तो काढून उपयोग नव्हता. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत दादा पूर्ण आंधळा झाला. तो तेव्हा अडतीस-एकोणचाळीसचा असेल.

दुकान मी चालवायचं ठरवलं. घण मारायला मजूर ठेवला, दादाच्या जागेवर मी बसलो. लोक कोयते आणत, पण हातात घेऊन पाहत, परत पाहत, आणि पुढच्या वेळी उंबरगावला जात. एकदा मला वाटलं, गोल्फचं एक पातं आपण करून पाहावं. जमलं तर शेठचं काम राहील. खरं सांगायचं तर मला दादाला काहीतरी नेऊन द्यायचं होतं. दीड महिना मी खपलो. तेच आसाचं लोखंड, तोच लाकडी नमुना, तीच सात नंबर.

तो अंगणात खाटेवर बसला होता. मी पातं त्याच्या हातात दिलं. त्याने ते ओळखलं. आधी तळावरून अंगठा फिरवला, मग पात्याच्या तोंडावरून, मग मानेवर आला आणि तिथे थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून. मी त्याच्या अंगठ्याकडे पाहत उभा होतो.

"कुणी केलं?"

"मी."

त्याने पातं तळहातावर तोललं.

"मान जाड झालीय," तो म्हणाला. "वजन सगळं टाचेकडे, मानेच्या बाजूला गेलं. हाताला लागेल." मग पातं माझ्याकडे करून म्हणाला, "कानस जास्त मारलीस. ठोकायला भ्यालास."

त्यात खोटं काही नव्हतं. मी प्रत्येक घावाला भीत होतो.

शेठकडे तरीही नेलं. त्याने ते बॉलमागे टेकवलं, पाहिलं, मारलं. बॉल डावीकडे चिकूत शिरला. दुसराही. त्याने हात झटकले नाहीत. माझ्यासमोर झटकायचे नाहीत असं त्याने ठरवलं असावं. "छान हाय," तो म्हणाला, "ठेवतो मी." काही महिन्यांनी मी वाडीवर गेलो तेव्हा त्याचा माळी त्याच पात्याने पाटातला पाला ओढत होता. मला पाहून माळी ओशाळला. मी म्हटलं, "असू दे, कामाला येतंय."

त्या वर्षी मी दुकान बंद केलं. शेठच्या ओळखीने डहाणू रोडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लोहाराची नोकरी मिळाली. रुळांच्या कामाच्या पहारी, टिकाव, खिळे. घण दुसऱ्याच्या हातात असे. सराव झाल्यावर मला रात्री झोपही लागू लागली. जवळच्या सरावली गावात एक खोली घेतली आणि दादा-वहिनीला तिथेच आणलं.

दादा दिवसभर दारात बसे. गाडी आली की म्हणे, "ही मालगाडी. डब्याचं एक चाक चपटं झालंय, ऐक." मी ऐकायचो. मला कळायचं नाही. शेजारच्या मास्तरांनी त्याला पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली, पण दादा म्हणाला, नको. बोलणंही हळूहळू कमी होत गेलं. वहिनी त्याला जेवू घालायची, आंघोळ घालायची, आणि दुपारी लोकांच्या घरची भांडी घासायला जायची. मी म्हणायचो, कशाला जाता, माझा पगार आहे. ती म्हणायची, "भावजी, चार भिंतींत बसून काय करू?"

एका रविवारी ती बाहेर गेली होती. मी दादाजवळ खाली बसलो आणि सांगून टाकलं. त्या दिवशी सकाळी सुंब्याच्या डोक्याला तडा गेलेला मी पाहिला होता. पाहूनही बोललो नाही. वर्षानुवर्षं मी ते बोलणं तोंडात घोळवलं होतं, आणि बाहेर आलं ते दोन वाक्यांत संपलं.

दादाने मान माझ्याकडे वळवली नाही. "मीही पाहिलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. भट्टी तापली होती."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. त्याने शिव्या दिल्या असत्या तर वाटलंही असतं. आता तो तडा आम्हा दोघांनी पाहिला होता आणि दोघांनीही घाव घालायचं ठरवलं होतं. यात क्षमा मागण्यासारखं किंवा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला. मी चहा केला, त्याच्या हातात दिला. त्याने तो प्याला नाही, नुसता धरून ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. कसला मोठा आजार नव्हता. खोकला झाला, ताप आला, आणि त्याने खाणं सोडलं. मी चमचा तोंडाशी नेला की तो ओठ मिटून घ्यायचा, रागाने नाही, सावकाश, जसं एखादं दार लावावं. डॉक्टर म्हणाले, यांना जगायची इच्छा दिसत नाही. मला ते नवीन नव्हतं. शेठ अंत्ययात्रेला आला होता. उन्हात टोपी काढून उभा राहिला आणि मला म्हणाला, "असा हात मी परत पाहिला नाय." मी त्याच्याकडे न पाहता पुढे झालो. त्यालाही माझ्या मनातलं समजलं असावं, कारण तो पुन्हा कधी आमच्या घरी आला नाही.

वहिनी तेराव्यानंतर वाणगावला भावाकडे निघून गेली. मी थांबा म्हटलं, तिने नाही म्हटलं. भावाची भाजीची जमीन होती. ती बाजारात वांगी, दुधी घेऊन बसायला लागली. वर्कशॉपच्या कामाला वाणगाव स्टेशनवर गेलो की मी बाजारात डोकावत असे. तिचे हात भाता ओढून पहिल्यापासून भक्कम होते, आता ते मातीने भरलेले असत. ती मला पाहून पदर सारखा करायची, न विचारता पिशवीत दोन दुधी टाकायची.

"कसे आहात, भावजी?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललंय."

माझं लग्न झाल्याचं मी तिला तिथेच सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तराजूत दुसऱ्या गिऱ्हाइकाची वांगी घातली. मी थोडा वेळ उभा राहिलो. तिने बसा म्हटलं नाही, आणि मीही बसलो नाही. गाडीची वेळ झाली तसा पिशवी घेऊन स्टेशनकडे निघालो.